उष्टी हळद

दांडा शैलेशच्या मनगटावर बसला तेव्हा हाड मोडल्याचा आवाज मांडवातल्या सगळ्यांनी ऐकला. दुसरा घाव कानशिलावर बसला. शैलेश आडवा झाला आणि त्याच्या कानातून रक्त येऊ लागलं. सफाळ्याच्या त्या अंगणात उद्याच्या वऱ्हाडाची तयारी चालली होती. बायका किंचाळत घरात पळाल्या. कोणीतरी स्पीकर बंद केला.

भाग्येश थांबला नाही. तो नवरीचा भाऊ. शिरगावहून मोटारसायकल हाणत आला होता आणि मांडवाच्या कोपऱ्यात पडलेला बांबूचा दांडा त्याच्या हाताला लागला होता. डोळ्यांसमोर फक्त समिधाचा चेहरा होता. सकाळी हळद लावून फोटोसाठी अंगणात उन्हात बसवलेली बहीण दुपारपर्यंत ओळखू येईना. गाल लालभडक, पापण्या सुजून मिटलेल्या, हनुवटीवर पाण्याचे फोड. तिला धड रडताही येत नव्हतं, कारण अश्रूंनी आणखी झोंबत होतं.

हे केमिकल आहे, हे भाग्येशने बघताक्षणी ओळखलं. ओळखणारच. तारापूरच्या कारखान्यात काम करून त्याने अशी भाजलेली कातडी पुष्कळ पाहिली होती. आणि हळद आली होती नवऱ्याकडून. रीतच तशी. आधी नवऱ्याला लावायची, त्यातली उरलेली उष्टी हळद नवरीकडे धाडायची. वाटी घेऊन आला कोण? नवऱ्याचा भाऊ शैलेश. शैलेश कामाला कुठे? बोईसरला, केमिकलच्या गोदामात. डोकं फिरलेल्या माणसाला याहून जास्त पुरावा लागत नाही.

शिवाय जुना राग होताच. साखरपुड्यात नवऱ्याच्या आईने समिधाच्या गालांवरचे वांगाचे काळे डाग सगळ्यांदेखत न्याहाळले होते आणि पोरगी उन्हात लय फिरते वाटतं, असं म्हणून ती हसली होती. ते हसू समिधाच्या आईच्या, शालूच्या, काळजात रुतलं. शालूनेच मुलीला पालघरच्या कातडीच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरने मलमाची ट्यूब दिली आणि बजावलं की रात्रीच लावायचं, डागापुरतंच, मुगाच्या दाण्याएवढं, आणि दिवसा ऊन टाळायचं. जास्त लावलं तर कातडी जळेल. समिधा गुणी पोर, तिने एक नियम मोडला नाही. डाग फिके होत होते, पण हळूहळू. शालू रोज सकाळी तिची हनुवटी धरून उजेडात बघायची आणि सुस्कारा टाकायची.

भाग्येश निघाला तेव्हा हीच शालू मोटारसायकलला आडवी आली होती. तिला काहीतरी सांगायचं होतं. पण ऐकतो कोण? त्याने आईला ढकलून दिलं. आजवर कधी तिच्या अंगाला हात लावला नव्हता.

आता त्याने पुन्हा दांडा उगारला, आणि नवरा मुलगा निमेश धावत येऊन भावाच्या अंगावर पडला.

"मार," निमेश म्हणाला. "पन आदी माजं तोंड बग."

भाग्येशने पाहिलं. निमेशने अजून आंघोळ केली नव्हती. कपाळापासून गळ्यापर्यंत हळद वाळून तडकली होती. जिथे ती गळून पडली होती तिथे कातडी जशीच्या तशी होती. एक पुरळसुद्धा नाही.

"तीच हळद हाय," निमेश म्हणाला. "तुमच्याकडं गेली ती माज्याच तोंडाची उरलेली."

दांडा खाली आला, पण कोणाच्या अंगावर नाही. हळद निघाली तेव्हा चांगली होती. म्हणजे जे काही झालं ते शिरगावला, त्याच्या स्वतःच्या घरात. निमेशच्या आईने शैलेशचं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि ती त्याला हाका मारत होती. शैलेश ओ देत नव्हता.

फाटकाशी रिक्षा थांबली. शालू उतरली, अनवाणीच. तिने मांडवातलं रक्त पाहिलं, मुलाच्या हातातला दांडा पाहिला आणि ती तिथेच मातीत बसली. सकाळी शैलेशच्या हातातून वाटी तिनेच घेतली होती. हळद तेलात सारखी करायला वाटी आत नेली होती तीही तिनेच. तिने कमरेला खोचलेली ट्यूब काढून मुलापुढे धरली. पिळून पिळून चपटी केलेली, शेवटच्या थेंबापर्यंत.

"सगळी मीच कालवली हळदीत," ती म्हणाली. "डाग जायला महिने लागतील, डॉक्टर बोलला होता. आन लगीन तर उद्या होतं रे."