हॅस्केलसाहेबांची नजर

कोर्टात उभं राहायलाही जागा उरली नव्हती. कापूस वेचायचं काम टाकून अख्खी मेक्सिकन वस्ती आली होती. तोमासा पहिल्याच बाकावर बसली होती.

खटला तिच्याच मुलीवरून उभा राहिला होता. ओतिलिया टेक्सासमध्ये जन्मली, वाढली. तरी गोऱ्यांच्या शाळेने तिला दारातूनच परत पाठवलं आणि रुळांपलीकडच्या गळक्या शाळेत घातलं. शाळेने दिलेलं कारण एकच, मेक्सिकन मुलांना इंग्रजी येत नाही.

मुख्याध्यापक हॅस्केल साक्षीला उभे होते.

“मुलांची परीक्षा घेता?” वकील बार्रेरांनी विचारलं.

“गरज नसते. वीस वर्षं शाळा चालवतोय. मूल समोर आलं की कळतं.”

“आत्ताही कळेल?”

“न कळायला काय झालं?”

बार्रेरांनी पाच मुली ओळीत उभ्या केल्या. सगळ्यांचे केस काळे, वेण्या घट्ट, चेहरे उन्हाने रापलेले. तोमासाची नजर आपल्या लेकीवरून हलेना.

“पोरगी घाबरली तर गं?” शेजारची चोना कुजबुजली.

“ती? घरात मला बोलू देत नाही,” तोमासा म्हणाली.

हॅस्केल सावकाश ओळीपुढून चालत गेले. ओतिलियापाशी थांबले. “ही. हिला येत नाही.”

न्यायाधीशांनी तिला नाव विचारलं.

“ओतिलिया साउसेदा,” ती खणखणीत इंग्रजीत म्हणाली. “साहेब, यांनी मला आजवर एकदाही काही विचारलेलं नाही.”

बाकांवर हशा उसळला. चोनाने तोमासाचा दंड असा दाबला की कळ आली. न्यायाधीशांनी हातोडा आपटला.

हॅस्केलांचे कान लाल झाले. “एखादी निघते अशी पढवलेली. पण ही बघा.” त्यांनी टोकाच्या मुलीकडे बोट केलं. “हिला आपलं एक अक्षर कळत नाहीये. हिची जागा रुळांपलीकडेच.”

“शपथेवर सांगताय?” बार्रेरांनी विचारलं.

“शपथेवर.”

मुलीचा ओठ थरथरला. तोमासा तिला नीट पाहायला पुढे वाकली. कोणाची असेल बिचारी?

“बाळ, नाव काय तुझं?” न्यायाधीशांनी विचारलं.

“मार्गारेट व्हिटकोम,” ती म्हणाली. मग तिने मागे वळून पाहिलं. “बाबा, आता झालं का?”

शेवटच्या बाकावरून, गोऱ्यांच्या चर्चमध्ये कालच रुजू झालेले नवे पाद्री उठून उभे राहिले.