टेपखालचा अंगठा

"वाळलाय का?" म्हणत नवऱ्याने माझ्या मॉडेल रॉकेटवर अंगठा दाबलाच. ओल्या लाल रंगात ठसा उमटला.

"घास आणि मार पुन्हा रंग. त्यात काय एवढं!" दर प्रदर्शनाआधी हेच करायचा. आणि प्रदर्शनात 'रंगकाम माझं' म्हणून मिरवायचाही तोच.

या वेळी मी ठसा तसाच वाळू दिला. त्यावर मास्किंग टेप लावली, बाकीचं रॉकेट घासून आरशासारखं रंगवलं आणि मग टेप काढली.

प्रदर्शनात तो पुढेपुढे करत होता. "रंगकाम माझं!"

"झकास. पण हा ठसा कुणाचा?" परीक्षक बाईंनी विचारलं.

"हिचा! हिला दमच निघत नाही."

मी माझा अंगठा त्या ठशात ठेवला. चहूबाजूंनी जागा उरली.

"आता तुमचा ठेवा," बाई त्याला म्हणाल्या.

त्याने हात खिशात घातला.