अळूची भाजी

"हाडं पोकळ झालीत, आजी. गोळ्यांसोबत पालेभाज्याही खा. त्यातलं व्हिटॅमिन के हाडांना लागतं," डॉक्टर म्हणाले.

आमच्या यांना रक्त पातळ ठेवायची गोळी होती, त्यामुळे पालेभाजी वर्ज्य. यांना मोह नको म्हणून मीही ती सोडली. हे गेल्यावरही घरात पाला शिजला नाही.

माझ्याकडून हे सगळं ऐकून थोरल्या जाऊबाई अळूची भाजी घेऊन आल्या.

"वेडी गं तू! भाऊजी तर दर सोमवारी माझ्याकडे अळू खायचे. म्हणायचे, अळू करावं ते वहिनीनंच."

"मला कधी बोलले नाहीत."

"तुला वाईट वाटलं असतं ना!"

मी घास घेतला. चिंच-गूळ बेताचा, दाणे मऊ शिजलेले. हाडांचं ऐकून मी रडले नव्हते. आता डोळे भरले, कारण भाजी खरंच माझ्या हातच्यापेक्षा चांगली होती.