कोरडा पुठ्ठा

बाबांच्या जुन्या व्हॅनमधून रात्रभर ऑइल गळायचं. मी खाली पुठ्ठा ठेवून सकाळी त्यावरचा डाग मोजायचे आणि बाबा तेवढंच ऑइल भरायचे. आज पुठ्ठा कोरडा होता. आईला डायलिसिससाठी देडतलाईहून बुऱ्हाणपूरला न्यायचं होतं. बाबा बॉनेट उघडू लागले, तेव्हा मीच म्हणाले, “राहू द्या, गळती थांबलीय.” “वा! सायंटिस्ट मॅडमनी गाडी पास केली,” ते हसले. दोघं गेल्यावर वहीत ‘शून्य’ लिहिताना माझा हात थांबला. काल चालत्या गाडीतूनच सगळं गळून गेलं असेल तर? ऑइल संपलं तरी पुठ्ठा कोरडाच राहतो. मी फोन लावला. “खकनारजवळ इंजिन जाम झालं, बेटा. आईला धाप लागलीय, दुसरी गाडी मिळून नाही राहिली. तू तर मोजलं होतं ना?” “पोरीला बोलू नका हो,” आई मागून म्हणाली. मग तिची धाप ऐकू आली, आणि मग फक्त बाबांच्या हाका.