डोळ्यांची आखणी

"मूर्तींचे डोळे मीच आखतो, असं मंडळवाल्यांना सांगितलंय. ते येतायत. तू मागे जाऊन बस," कारखान्याचे मालक माझ्यावर खेकसले.

मी हातातला ब्रश खाली ठेवला नाही. सहा वर्षं इथल्या प्रत्येक गणपतीला डोळे मी दिले होते.

"माझं नाव सांगा की, अण्णा."

"तुझं? सकाळी पोरांचे ड्रॉइंगचे क्लास, दुपारी शाळांच्या भिंती, लग्नसराईत मेंदी, आणि उरलेल्या वेळात इथे. चार ठिकाणी तोंड मारणारीला कलाकार म्हणू? पटत नसेल तर चालती हो."

तेवढ्यात मंडळाची माणसं आत आली. अध्यक्षांनी मोबाइल समोर धरला.

"अण्णा, आमच्या बाप्पाचे डोळे आत्ता आमच्यासमोर आखा. व्हिडिओच काढतो."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. आता त्या नजरेत गयावया होती.

मी ब्रश स्वच्छ धुतला, टोकाला काळा रंग घेतला आणि त्यांच्या हातात दिला.

"आखा, अण्णा. मला अजून तीन ठिकाणं आहेत."