खिडकीखालचं गवत

ग्लिन हॉपक्राफ्ट दर मंगळवारी व्हार्लीबाईंच्या घरामागची हिरवळ कापायचा आणि कुंपणाची झुडपं छाटायचा. बाईंचे यजमान अ‍ॅम्ब्रोज वसंतापासून वरच्या खोलीत निपचित पडून होते. तेव्हापासूनच त्यांच्या खिडकीखालच्या गवतात एक ठसा उमटू लागला होता, कुशीवर झोपलेल्या माणसाएवढा.

कोल्हा लोळून जात असेल, असं समजून ग्लिन ते गवत दाताळ्याने उभं करायचा आणि वरून यंत्र फिरवायचा. पुढच्या मंगळवारी ठसा पुन्हा तिथेच असायचा.

आज त्याने दाताळं उचललं, तशी बाई हातातला चहा टाकून धावत आल्या.

"दाताळं लावू नकोस रे! मागच्या वेळी तू गवत उचललंस आणि रात्रभर त्यांना श्वास पुरेना."

"अहो बाई, गवत आहे ते. त्याचा काय संबंध?"

"हात टेकवून बघ."

ग्लिन हसतच गुडघ्यांवर बसला. सकाळपासून ऊन पडलं नव्हतं, सगळी हिरवळ गारठली होती. ठसा मात्र नुकत्याच सोडलेल्या अंथरुणासारखा उबदार होता. त्याचं हसू मावळलं.

तेवढ्यात ठशाच्या पायांकडचं गवत आपोआप उभं राहू लागलं. वारा नव्हता. एकेक पातं सरळ होत गेलं, गुडघ्यांपर्यंत, मग कमरेपर्यंत.

बाईंनी खिडकीकडे पाहिलं आणि त्या गवतावर पालथ्या पडल्या.

"दाब, ग्लिन! दाबून धर!"

त्याने अंगाचा सगळा भार टाकून ठशाच्या छातीपाशी तळवे रोवले. त्याच्या बोटांमधून गवत शांतपणे वर येत राहिलं, आणि आता ते गार होतं.