गावाबाहेर न चालणारं नाणं

"आत्ताच गाडीतून उतरलो," बिअरचा पेला पुढे ओढत तो परका माणूस मोठ्यानं म्हणाला. खानावळीत दुसरं गिऱ्हाईक एकच, कोपऱ्यातला पोस्टमन. त्यानं मान वर केली आणि पुन्हा सूपच्या वाडग्यात घातली.

मग परका गल्ल्यावरच्या मालकिणीकडे वाकला. "वाल्बुर्गाबाई, आलोइस कसा आहे?"

वाल्बुर्गानं पोस्टमनकडे एक नजर टाकली. तिचा मुलगा आलोइस आघाडीवरून पळून आला होता आणि नऊ दिवस वर माळ्यावर लपला होता. सापडला तर गोळीच. शिपाई एकेका गल्लीची झडती घेत होते, उद्या त्यांच्या गल्लीची पाळी.

"आघाडीवर आहे. पत्र नाही," ती म्हणाली.

तो हसला आणि पैसे ठेवले. सहा कोपऱ्यांचं जस्ताचं नाणं.

युद्धानं गावातला धातू खरवडून नेला होता. चर्चच्या घंटा गेल्या, तांब्याची पातेली गेली, शेवटी सुटे पैसेही दिसेनात. म्हणून नगरपालिकेनं स्वतःचीच नाणी पाडली. ही सहा कोपऱ्यांची तर कालच निघाली होती. शेजारच्या गावात नगरपालिकेची नाणी कुणी घेत नसे, स्टेशनातसुद्धा चालत नसत. मग आत्ताच उतरलेल्या माणसाकडे हे आलं कुठून?

म्हणजे हा कालपासून गावातच आहे. पाळतीवरचा. वाल्बुर्गानं नाणं गल्ल्यात टाकलं. नुसतं नाही म्हणून हा हलायचा नाही, याला भलतीकडे पिटाळायला हवं.

"खरं सांगते," ती कुजबुजली. "आला होता. आज दुपारीच गेला, डोंगराच्या वाटेनं."

"न सांगता? एकटाच?"

"एकटाच."

त्यानं क्षणभर डोळे मिटले. पेला अर्धा टाकून तो निघाला, तोही डोंगराकडे नाही, तळ्याच्या धक्क्याकडे. शिपायांची चौकी तिथेच. बसा म्हणावं आता डोंगर धुंडाळत, असं तिच्या मनात आलं.

पोस्टमन उठायला पाच वाजले. मग ती माळ्यावर चढली.

आलोइस बूट घालून, बोचकं बांधून अंधारात बसला होता.

"तुला आधी सांगितलं नाही, रडली असतीस," तो म्हणाला. "वरच्या गावचा नावाडी आला का गं? सकाळी झरोक्यातून चिठ्ठी टाकली त्याला, खाली बिअर घेऊन बस, कुणी ऐकत असेल तर आत्ताच गाडीतून उतरलो म्हण, असं लिहिलं. वजनाला रात्री तुझ्या गल्ल्यातून घेतलेलं नाणं बांधलं होतं. चारला नाव सोडणार आहे तो, थेट तळ्यापलीकडे स्वित्झर्लंडला. किती वाजले, आई?"